लेकुरवाळा प्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवापूर्वी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार?" तर म्हणाल्या, "कल्याणच्या प्रवासाची गोष्ट तुम्ही दळणाला गेल्यावर सांगता, पापड लाटताना सांगता. तीच इथं उभ्यानं सांगा." तेव्हा भगिनींनो, ही गोष्ट काहींनी ऐकलेली आहे. त्यांनी ती पुन्हा ऐकून घ्यावी. माझे कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या वन्सं कल्याणला दिलेल्या आहेत. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात माझे सासरे कोरोनाने गेले. ते दिवस तुम्हा सर्वांना आठवतात. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर पास लागत होता. वन्संना वेळेवर येता आले नाही. बापाचे शेवटचे दर्शन लेकीने मोबाइलवर घेतले. पुढे यायच्या म्हणत होत्या, तोच आमच्या नंदाव्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना सोडून वन्संना घरातून हलता येईना. वर्षश्राद्धालाही त्या आल्या नाहीत. सासूबाई तोंडाने काही बोलत नसत. त्यांनी सासऱ्यांची जुनी धोतरे आणि एक पटका घेऊन वाकळ शिवायला घेतली. वाकळ पुरी झाली त्या दिवशी म्हणाल्या, "लेकीला येता येत नाही, तर आईनं जावं."

परभणीहून कल्याणला रेल्वे जाते. पण मे महिना, लग्नसराई, सुट्ट्या. आरक्षण मिळाले नाही. तेव्हा धाकट्या भाऊजींच्या गाडीने जायचे ठरले. ती दहा माणसांची गाडी ते भाड्याने चालवतात. निघालो आम्ही सहा मोठी आणि चार लहान. सासूबाई, आमचे हे, भाऊजी, धाकटी जाऊ, मी, आणि पाथरीला दिलेली माझी थोरली लेक. लहानांत माझा बारा वर्षांचा मुलगा, जावेचा पाच वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची तान्ही मुलगी, नि माझी तीन वर्षांची नात. रस्ता चारशे किलोमीटरच्या वर.

आता हा रस्ता कोणता ते ऐका. पाथरीला गेले की एक राष्ट्रीय महामार्ग लागतो, त्याचा क्रमांक ६१. तो इकडे परभणी, नांदेड, भोकर करीत तेलंगणात निर्मलला जातो आणि तिकडे माजलगाव, पाथर्डी, नगर, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड करीत थेट कल्याणला. म्हणजे पाथरीच्या लेकीच्या दारावरून जी सडक जाते, तीच कल्याणच्या लेकीच्या गावात पोचते. हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग एवढी लांब कशी वाटते?"

प्रवासाची तयारी म्हणजे बायकांचे काम. पुरुष म्हणतात, "चला, बसा गाडीत." पण त्या बसण्याआधी दोन दिवस आपले हात चालू असतात. मी काय काय घेतले ते सांगते, कारण लेकुरवाळ्या बायांना त्याचा उपयोग होईल. दुधात भिजवलेल्या दशम्या, कारण पाण्यातल्या पोळ्या मेच्या उन्हात लवकर आंबतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. तान्हीसाठी भाजलेल्या मूगडाळ-तांदळाची भरड, थर्मासात गरम पाणी. जुन्या लुगड्यांची डझनभर दुपटी. दोन रिकाम्या पिशव्या, एक ओकारीसाठी आणि एक ओल्या कपड्यांसाठी. लिंबे, आवळासुपारी. आणि मिठाची एक पुडी, साखरेची एक पुडी.

ही मीठ-साखर कशाला, असे जावेने विचारले. लहान मुलाला उलट्या-जुलाब लागले की अंगातले पाणी जाते आणि मूल पाहता पाहता मलूल होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे नि घोट घोट पाजावे. मीठ अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ देऊ नये. दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी असेल तर ती अधिक चांगली. तान्ह्याला आईचे दूध बंद करू नये. आणि मूल डोळे फिरवू लागले, लघवी करीनासे झाले, तर घरचे उपाय सोडून सरळ दवाखाना गाठावा.

पहाटे चारला निघायचे ठरले होते. पण आदल्या दिवशी गेलेले भाडे लांबले आणि गाडी परत आली सकाळी दहाला. भाऊजी रात्रभर जागे. आंघोळ करून दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "चला." आम्ही बारा वाजता सोनपेठ सोडले. गोदावरी ओलांडून पाथरीला गेलो, तर व्याहीबाई जेवल्याशिवाय सोडीनात. माणसे मोडता येत नाहीत. तिथून निघायला तीन वाजले. प्रवासातली निम्मी संकटे उशिरा निघण्याने येतात, हे मी त्या दिवशी शिकले.

ढालेगावजवळ पुन्हा गोदावरी ओलांडली. सासूबाईंनी दोन्ही वेळा पाण्यात रुपया टाकला. मुले म्हणाली, "आजी, नदी एकच आहे." त्या म्हणाल्या, "पण आपण दोनदा ओलांडली ना?"

मुलांना गप्प बसवायचे म्हणून मोबाइल हातात द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. चालत्या गाडीत खाली पाहिले की मुलांना मळमळते. मग मुलाने एक खेळ काढला. समोरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायची. एमएच २२ म्हणजे आपली परभणी. माजलगावाकडे २३ दिसू लागले, म्हणजे बीड. पाथर्डीला १६, म्हणजे नगर. आणि ज्याला पहिल्यांदा ०५ दिसेल त्याला गुळाचा मोठा खडा, कारण ०५ म्हणजे कल्याण. पाच वर्षांच्या पोराला त्या दिवशी चार जिल्ह्यांचे आकडे पाठ झाले. मैलाच्या दगडाचे डोके पिवळे असले की राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असले की राज्य महामार्ग, हेही त्यांना कळले. शाळेत जे रागावून शिकवावे लागते, ते रस्त्यावर हसत येते.

बीड जिल्हा संपून नगर जिल्हा लागला तेव्हा सासूबाईंनी आपल्या आईची आठवण सांगितली. १९४८ सालापूर्वी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि नगर इंग्रजांच्या. मधे करोडगिरीचा नाका. पलीकडे जायचे तर सामान उघडून दाखवावे लागे, आणि आपला हाली रुपया तिकडे चालत नसे. पलीकडे लेक देणे म्हणजे परमुलखात देणे. बैलगाडीने जायचे, वाटेत मुक्काम करायचे. मी विचारले, "रात्रीचं चालत नसत का?" म्हणाल्या, "बैल थकले की माणसं थांबायची. बैलाला कोणी दटावून विचारत नाही, जमेल ना म्हणून." हे वाक्य मला पुढे उपयोगी पडले.

भगिनींनो, आता एक गोष्ट सांगते, ती सभेत बोलायची नसते असे समजतात. पण आज इथे आपण बायकाच आहोत. गढीपासून नगरपर्यंत आम्हा चौघी बायकांना लघवीला जाण्यासारखी धड जागा मिळाली नाही. पुरुष गाडी थांबवून कुठेही उभे राहतात. सत्तर वर्षांच्या बाईने उघड्या माळावर, मागून ट्रक जात असताना कुठे बसावे? एका ढाब्यावर कुलूप होते. एका ठिकाणी दार होते, कडी नव्हती आणि आत पाय ठेववत नव्हता. मग आपण काय करतो? पाणीच पीत नाही. मे महिन्याच्या उन्हात, अंगावर पिणारे लेकरू असताना माझी जाऊ दुपारपासून दोन घोट पाण्यावर होती. सासूबाईंना तर पुढे दोन दिवस लघवीला जळजळ झाली. आपण लाजेपायी दुखणे विकत घेतो.

शेवटी एका पेट्रोल पंपावर डिझेल भरायला थांबलो. तिथल्या मुलाने सांगितले, किल्ली मालकाकडे आहे. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, पुढे पाहू." मी खाली उतरले आणि म्हटले, "मालकाला फोन लाव. आम्ही गिऱ्हाईक आहोत. हवा, पिण्याचं पाणी आणि संडास ही गिऱ्हाइकाची सोय आहे." किल्ली त्याच्याच खिशातून निघाली! तेव्हापासून माझे म्हणणे असे की, बाईने विचारावे. एकदा विचारले की पुढच्या बाईला कुलूप उघडे सापडते.

पाथर्डी ते नगर हा रस्ता तेव्हा जागोजागी उखडलेला होता. गाडी अशी आदळे की तान्ही दचकून रडे. नातीने दोनदा ओकारी केली. मी तिला पुढे तोंड करून बसवली, काच उघडली, लिंबू हुंगायला दिले आणि पोटाला तासभर विश्रांती दिली. जावेला मात्र एक सांगावे लागले. ती तान्हीला घेऊन पुढे भाऊजींशेजारी बसू म्हणत होती, म्हणजे गार वारा लागेल. मी बसू दिले नाही. गाडीने एकदम ब्रेक मारला की मांडीवरचे मूल हातात राहत नाही. आईचा जीव कितीही मोठा असो, त्या झटक्यापुढे हात कमी पडतात. लहान मूल मागेच असावे.

नगरला पोचायला नऊ वाजले. या शहराचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे. तिथे जेवलो. मुले झोपली. आमच्या ह्यांनी भाऊजींना विचारले, "जमेल ना?" भाऊजी म्हणाले, "न जमायला काय झालं? दोनपर्यंत कल्याण." वन्संचाही फोन आला, "मी जागीच आहे, दार उघडं ठेवलंय." सासूबाईंनी वाकळीचे गाठोडे मांडीवर घेतले. कोणाला थांबा म्हणायचा धीर होणार?

मी भाऊजींच्या मागच्याच बाकावर होते. भाळवणी गेली. रस्ता रिकामा, आत सगळे झोपलेले. समोरच्या आरशात मला भाऊजींचे डोळे दिसत होते. ते मिटत आणि उघडत. मला वाटले, माणूस पापण्या लववणारच. मग डाव्या बाजूची चाके सडक सोडून खडीवर गेली. खरखर असा आवाज झाला. भाऊजींनी गाडी वर ओढून घेतली. कोणी जागे झाले नाही. फक्त सासूबाईंनी माझा हात धरला.

भगिनींनो, माझ्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. गाडी कोणी चालवावी, कधी निघावे, कुठे थांबावे हा पुरुषांचा कारभार, असे मी मानत आले होते. मला गाडीतले काय कळते? पण डोळे मिटलेले कळायला शिक्षण लागत नाही. मी म्हटले, "भाऊजी, गाडी थांबवा." भाऊजी म्हणाले, "काही नाही वहिनी, खड्डा होता." हे जागे झाले आणि म्हणाले, "अगं, अडीच-तीन तासांचा प्रश्न. ती बिचारी दार उघडं ठेवून बसली आहे." मी म्हटले, "तुम्हाला जायचं तर जा. मी लेकरांना घेऊन इथंच उतरते." माझा आवाज चढला असावा. तान्ही रडू लागली. गाडीत कोणी काही बोलेना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थोरली म्हणते ते कर. बैलालासुद्धा इतकं राबवत नाहीत. माझ्या लेकीनं तेरा महिने वाट पाहिली, एक रात्र आणखी पाहील."

बेल्ह्याच्या अलीकडे एका ढाब्याचा दिवा दिसला. तिथे थांबलो. ढाब्याच्या मागे मालकाचे बिऱ्हाड होते. त्याची बायको बाहेर आली. म्हातारी आणि लेकरे पाहून तिने काही विचारले नाही, अंगणात सतरंजी टाकली. पुरुष बाजांवर झोपले. भाऊजी तर चप्पल न काढताच झोपले. सकाळी तिला पैसे देऊ लागलो, तर चहाचे तेवढे घेतले. म्हणाली, "माझी पण लेक लांब दिलीय. तिला कोणी असंच ठेवून घेईल." वाटसरूसाठी अहिल्यादेवी होळकरांनी देशभर धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या, हे आपण पुस्तकात वाचतो. त्यांचे जन्मगाव चौंडी याच नगर जिल्ह्यातले, साल १७२५. त्या बाईने हे पुस्तक वाचले होते की नाही मला ठाऊक नाही, पण तिचे अंगण ही धर्मशाळाच होती.

सकाळी चहा पिताना भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, भाळवणी आठवते. त्यानंतर टाकळी ढोकेश्वर लागतं. ते गाव कधी गेलं, मला आठवत नाही." एवढे मोठे गाव, दिवे, दुकाने, आणि गाडी चालवणाऱ्याला ते आठवत नाही! आमची दहा माणसे त्या गावातून झोपेत गेली होती, चालवणारासुद्धा. माझ्या हातातला कप हलला. आमचे हे काही बोलले नाहीत. पण उठून त्यांनी माझ्यासाठी दुसरा चहा आणला.

मी मागाहून वाचले की, २०२२ या एका सालात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. सरकारने दिलेला हा आकडा आहे. ती सगळीच माणसे कोणाकडे तरी निघाली असतील, आणि कोणीतरी दार उघडे ठेवून बसले असेल.

पुढचा प्रवास सुखाचा झाला. आळ्याला ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, तिथे दर्शन घेतले. मुलांना रेड्याची समाधी पाहून फार नवल वाटले. ओतूरवरून लांबूनच हात जोडले, कारण तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथे आहे. मग पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी आणि पुढे माळशेज घाट. रात्री गेलो असतो तर यातले काही दिसले नसते. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, म्हणून त्या दिवसांत विचारपूस करूनच जावे. घाट उतरलो तशी हवा बदलली, अंगाला चिकट घाम येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, "आलं वाटतं कोकण." मुरबाडच्या अलीकडे ०५ ची पाटी नातीला पहिल्यांदा दिसली. तिला आकडे कळत नाहीत, ती उगीच ओरडली होती, पण गूळ तिलाच द्यावा लागला.

वन्सं गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मला वाटले होते, मायलेकी गळ्यात पडून रडतील. तसे झाले नाही. सासूबाईंनी गाठोडे सोडले आणि वाकळ तिच्या अंगावर टाकली, इतक्या उन्हाळ्यात! वन्संनी पटक्याचा लाल तुकडा ओळखला. तो हाताने चाचपत त्या म्हणाल्या, "आई, दादांना शेवटचं पाहिलं ते फोनवर. फोनला हात लावून काय कळतं?" मग दोघी खाली बसल्या. आम्ही लेकरांना घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो.

आठ दिवस राहिलो. नंदाव्यांना बोलताना त्रास होई, पण माझी नात त्यांच्या खाटेवर चढून बसे आणि ते तिच्याशी एकेक शब्द बोलत. मामाची लेकरे आणि आत्याची लेकरे ही फोनवर एकमेकांना नुसता हात हलवीत. आठ दिवसांत ती भांडली, कट्टी झाली, बट्टी झाली. नाती अशीच होतात. लेकरे लहान आहेत, त्रास होईल, मोठी झाली की नेऊ असे आपण म्हणतो. मोठी झाल्यावर ती आपल्याबरोबर येत नाहीत. न्यायचे तर लहानपणीच न्यावे. मात्र नीट न्यावे.

परतताना आम्ही पहाटे पाचला निघालो आणि अंधार पडता पडता पाथरी गाठली. दर दोन तासांनी भाऊजी स्वतःच म्हणत, "वहिनी, थांबायचं का?"

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते आणि आपली रजा घेते. एक, मंडळाने एक प्रवासपेटी करावी. त्यात जलसंजीवनीच्या पुड्या, तापमापक, पट्ट्या, विजेरी आणि एक कागद असावा. त्या कागदावर रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. लेकरे घेऊन जाणाऱ्या भगिनीने ती न्यावी नि आल्यावर भरून परत द्यावी. दोन, मंडळात एक वही ठेवावी. ज्या रस्त्याने जी बाई जाईल, तिने कोणत्या गावी बायकांसाठी स्वच्छ जागा सापडली ते त्यात लिहावे. पहिले पान मी लिहीन, पाथरी ते कल्याण.

आणि तिसरी गोष्ट सूचना नव्हे, विनंती आहे. गाडी कोणीही चालवो, नवरा, दीर, भाऊ की पोटचा मुलगा, त्याचे डोळे मिटताना दिसले तर "थांबा" म्हणा. तो रागावेल, घरचे म्हणतील हिला काय कळते. म्हणू द्या. पोचायला एक रात्र उशीर झाला तर माहेरचे दार काही बंद होत नाही.

 आता हळदीकुंकू घ्या.